ट्रॅकवर पळालेली ऑक्टाविया आरएस घ्यावी का?

घाटवळण (पुणे)

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून शोधत असलेली गाडी सापडली आहे, पण पाऊल पुढे पडत नाहीये. स्कोडा ऑक्टाविया आरएस २३०, २०१७ ची, तमिळनाडू पासिंग, पहिलाच मालक, ५८ हजार किलोमीटर. गाडी कोइम्बतूरला आहे. मालकाने पहिल्याच फोनवर आपणहून सांगितलं, की गाडी कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) नेमाने जायची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही अधूनमधून नेलेली आहे.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). आईबाबा आरामात मागे बसतात, डिकीत चौघांचं सामान मावतं आणि ताम्हिणीत गाडी रस्त्याला चिकटून पळते. २००४ साली आपल्याकडे पहिली ऑक्टाविया आरएस आली होती, १.८ टर्बो, १५० पीएस. तेव्हापासून या नावाची ओढ आहे. २०२० च्या आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आणल्या होत्या, पूर्ण आयात. तिच्या किमतीकडे मी बघतही नाही.

घरच्यांचं आणि ऑफिसातल्या बहुतेकांचं मत एकच: ट्रॅकवर नेलेली गाडी घेऊ नकोस. मला मात्र मालकाच्या मोकळेपणामुळे उलट विश्वास वाटतोय. ट्रॅकवर गाडीचं नेमकं काय झिजतं आणि बघायला गेलो तर कुठे हात घालून बघायचं, हे जाणकारांनी सांगावं.

---

शांत_प्रवासी

स्पष्ट सांगतो, घेऊ नका. ट्रॅकवरची गाडी म्हणजे चरकातून काढलेला ऊस. वरून उभा दिसतो, रस गेलेला असतो. रस्त्यावर आपण इंजिनाची पूर्ण ताकद दिवसातून काही सेकंद वापरतो, तिथे माणूस वीस मिनिटं पाय काढत नाही. शिवाय ही गाडी आता जुनी झाली. सुटे भाग महाग आणि काही ऑर्डर देऊन थांबावे लागतात. याच पैशात कमी पळालेली, कौटुंबिक वापरातली गाडी मिळेल.

---

तेलकट_हात (नाशिक, स्वतःचं गॅरेज)

शांत_प्रवासी यांची काळजी खरी आहे, पण "कौटुंबिक वापरातली" या शब्दांवर माझा भरवसा नाही. आरएस घेणारा माणूस ती हळू चालवायला घेत नाही. माझ्याकडे या जातीच्या ज्या गाड्या येतात त्यांतल्या बऱ्याच रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या असतात. थंड इंजिनावर रेस दिलेली, समृद्धीवर रात्री काटा टेकवलेला, मग गाडी स्पीडब्रेकरवर आपटलेली. विकताना मात्र "फक्त रविवारी काढायचो". ट्रॅक डेला जाणारा निदान गाडी गरम करून पळवतो, शेवटची फेरी सावकाश मारून थंड करतो आणि ऑइल वेळेआधी बदलतो. ट्रॅकवर खड्डे नसतात हेही विसरू नका. सस्पेन्शनच्या बुशिंगची जेवढी वाट आपल्या शहरातले रस्ते लावतात तेवढी ट्रॅक लावत नाही.

ट्रॅक काय खातो? टायर, ब्रेक, ऑइलं, व्हील बेअरिंग, इंजिन माउंट. हे सगळं पैसे टाकून नवं होतं आणि किमतीतून वजा करून मागता येतं. खरी भीती तीन जागी आहे: इंजिनाचा तळ, गिअरबॉक्स आणि सांगाडा.

लांब वळणावर गाडी बराच वेळ एका अंगाला रेटलेली असते तेव्हा ऑइल चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं. पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडलं तर बेअरिंगला ऑइल मिळत नाही. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारा: टायर कुठले लावायचात? रस्त्याचे साधे टायर असतील तर ते आधीच घसरायला लागतात, एवढा जोर पडतच नाही. सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे चिकट टायर) लावून पळवली असेल तर धोका वाढतो, कारण चिकट टायरवर गाडी वळणात फार जास्त वेग धरते.

तपासायची सोय आहे. या इंजिनाचा ऑइल फिल्टर वरच्या बाजूला आहे, आत कागदी घडी असते. तो काढायला लावा, घड्या उलगडा आणि उन्हात धरा. चमचम दिसली तर तिथूनच परत फिरा. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देता आला तर अजून चांगलं. तांबं, शिसं वाढलेलं दिसलं तर बेअरिंग झिजतंय असं समजा. मग चारही सिलिंडरची लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजायचं. गळती दहा टक्क्यांच्या आत आणि चौघांची जवळपास सारखी असली की मला झोप लागते. एखादाच वीसच्या वर गेला तर सौदा विसरा.

या इंजिनाची एक जगजाहीर कमजोरी ट्रॅकशी संबंधित नाही, तरी बघाच. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं एकत्र घर प्लास्टिकचं आहे, ते कालांतराने गळतं. टॉर्च मारून खाली बघा, सुकलेल्या कुलंटचा गुलाबी थर दिसतो.

---

घाटवळण

तेलकट_हात, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. डीएसजीचं काय? आणि रिमॅप झालाय की नाही हे कसं कळेल? मालक म्हणतो कंपनीचंच सॉफ्टवेअर आहे.

---

तेलकट_हात

यातला सहा गिअरचा डीएसजी ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा आहे, त्यामुळे पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचपेक्षा उष्णता पुष्कळ सहन करतो. पण त्याचं ऑइल आणि फिल्टर ६० हजारला बदलायचं असतं, तेही रस्त्यावरच्या वापरासाठी. ट्रॅकच्या गाडीला त्याच्या निम्म्यावर बदललेलं असायला हवं. ५८ हजारात एकदाही बदललं नसेल तर माझा नकार समजा, बाकी गाडी कितीही चकचकीत असो.

रिमॅपसाठी: ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) किती वेळा सॉफ्टवेअर भरलं गेलं याची नोंद राहते. व्हीसीडीएस किंवा तसलं, गाडीचा संगणक वाचणारं यंत्र असलेला माणूस सोबत न्या, सॉफ्टवेअरचा नंबर लिहून घ्या आणि सर्व्हिस सेंटरच्या नोंदींशी ताडा. हे महत्त्वाचं आहे, कारण या गिअरबॉक्सची मूळ क्षमताच कंपनीने दिलेल्या ३५० न्यूटन मीटरच्या आसपास. रिमॅप करून शंभरेक न्यूटन मीटर वाढवले आणि वर ट्रॅकवर पळवली, तर क्लच पॅक किती दिवस साथ देणार?

ट्रायलला गाडी चांगली गरम झाल्यावर चढावर थांबवा, मग अगदी हळू सोडा. थरथरली, किंवा दुसऱ्यातून पहिल्यात पडताना धक्का दिला, तर मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) नाहीतर क्लच बघावा लागेल.

---

ब्रेकवाली (चाकण)

मी ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे माझं सगळं लक्ष चार चाकांच्या आत.

करीचा ट्रॅक दोन-सव्वादोन किलोमीटरचा, आखूड आणि वळणावळणाचा. ब्रेक थंड व्हायला लांब सरळ रस्ता मिळत नाही. नोएडाकडच्या बुद्ध सर्किटवर पाच किलोमीटरच्या फेरीत किलोमीटरभराची सरळ धाव आहे. तिथे वेग फार चढतो, पण ब्रेकला वारा लागतो. तेव्हा करीवर पळालेल्या दीड टनी गाडीत ब्रेकवर उष्णतेच्या खुणा असणारच. त्या तशाच ठेवल्या आहेत की वेळच्या वेळी निस्तरल्या आहेत, हे बघायचं.

चाक काढायला लावा. बाहेरून जाळीतून डोकावून काही कळत नाही. डिस्कच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसतील, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या. नुसत्या दिसत असतील आणि बोट फिरवल्यावर लागत नसतील तर इतकं घाबरायचं कारण नाही. नख आडवं फिरवा. नख अडकलं किंवा भेग काठापर्यंत पोचली असेल तर ती डिस्क त्या दिवशी बाद. निळसर-जांभळा डाग म्हणजे तिथे प्रचंड तापमान गेलेलं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्निअरने काठावर मोजू नका, काठाला न झिजलेली कड उरते आणि आकडा फसवा येतो. मायक्रोमीटरने पॅड घासतो त्या पट्ट्यात मोजा.

मग कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबरी बूट. ते मऊ असायला हवं. कडक होऊन चिरलं असेल तर धूळपाणी आत जातं आणि आपल्या पावसाळ्यात पिस्टन अडकायला वेळ लागत नाही.

ब्रेक ऑइल हा माझा जिव्हाळ्याचा विषय, थोडं लांबेल. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश, आणि हवेतला ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत घसरू शकतो. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकवर ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. त्यामुळे जो माणूस खरोखर ट्रॅक डे करतो तो हे ऑइल वर्षातून एकदा तरी बदलतोच. बिलं मागा. दर वर्षीची नोंद असेल तर मालक जाणता आहे. तीन वर्षांत एकदाही नसेल तर त्याच्या इतर बोलण्यावरही मी विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक, बेअरिंग. गाडी रॅम्पवर असताना एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर घरघर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून हाताला जाणवते.

---

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

आमच्याकडे हा प्रश्न रोजचा. नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरची फेरी, ठरलेल्या वेळी पैसे भरून कोणालाही आपली गाडी नेता येते. त्यामुळे इथल्या वेगवान गाड्यांच्या जाहिरातीत "कधीही ट्रॅकवर नेलेली नाही" हे वाक्य छापील असल्यासारखं असतं. खरं किती हे शोधणं खरेदीदाराकडे.

पोर्शेमध्ये एक सुंदर सोय आहे. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याच्या नोंदी कंट्रोल युनिटमध्ये टप्प्याटप्प्याने राहतात. २००९ नंतरच्या इंजिनांत सहा टप्पे आहेत, आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही कळतं. खालच्या टप्प्यांतल्या नोंदी म्हणजे कोणीतरी इंजिन लाल रेषेला टेकवलं, ते चालतं. अगदी वरच्या टप्प्यांत नोंद असेल तर चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडलेला असतो आणि चाकांनी इंजिनाला फिरवलेलं असतं. अशी नोंद ताजी असेल तर इथे जाणकार माणूस गाडीकडे पाठ फिरवतो.

घाटवळण, तुमच्या गाडीत ही धास्ती जवळजवळ नाही. डीएसजीचा संगणक इंजिन मर्यादेबाहेर जाईल असा खालचा गिअर घेतच नाही. मॅन्युअल गाडी घेणाऱ्यांनी मात्र हे डोक्यात ठेवावं.

इंजिनाचे एकूण तास वाचता आले तर किलोमीटरला त्या तासांनी भागून बघा. ६० हजार किलोमीटर आणि दीड हजार तास म्हणजे सरासरी ४०, हे शहर आणि महामार्ग मिळून पटण्यासारखं. सरासरी १५ निघाली तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या. असा मीटर फिरवणारा सर्रास सापडतो, ट्रॅकवाल्यांत नव्हे, दलालांत.

---

रंकाळा_काठ (कोल्हापूर)

भावा, आमच्याकडं पोरं कार्टिंग करतच मोठी होतात, त्यामुळं ट्रॅकवाल्या माणसाची पारख थोडी आहे. गाडी बघायच्या आधी माणूस बघ. जो खरा ट्रॅकचा शौकीन असतोय तो विचारायच्या आधी स्वतःच सांगत सुटतोय, कुठल्या सेशनला टायरचं प्रेशर किती होतं, कुठल्या वळणावर ब्रेक मारायचा, सगळं. त्याच्याकडं वही असती न्हायतर मोबाइलात यादी असती. ज्याला टायरचं गरम प्रेशर विचारल्यावर काय बोलावं सुचत न्हाई, त्यानं गाडी नुसती रगडलीया.

खुणा सांगतो. चाकावरच्या कमानीत आत हात घाल, टायरचे वितळलेले काळे तुकडे चिकटलेले असतील. ते असले तर बिघडत न्हाई, ट्रॅकवर गेली हे त्यानं सांगितलंयच. पुढं खाली इंजिनाखालचं प्लास्टिक बघ, रंगीत कडेवर चढून घासलंय का. रिम आतल्या बाजूनं वाकलीय का बघ. आणि टायर चारी एकसारखे झिजलेत का? ट्रॅक एकाच दिशेनं फिरतोय, उजवी वळणं जास्त असली की डावे टायर बाहेरच्या खांद्याला जास्त खातात. एकाच बाजूला खाल्लेत म्हणून लगेच चॅसी वाकलीय म्हणू नगंस, आधी अलाइनमेंटचा कागद बघ.

सांगाड्याची मात्र नीट तपासणी कर. भिंतीला लागलेली गाडी डेंटिंगवाला अशी करतोय की बापाला वळखू येत न्हाई. रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन जा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतोय. एखाद्या पत्र्यावर चारशे-पाचशे आलं की खाली लांबी (पुट्टी) भरलीया. मडगार्डचे बोल्ट बघ, पाना लागल्याची खूण असती. बोनेट, डिकी उघडून पुढच्या-मागच्या वेल्डिंगचे ठिपके दोन्ही अंगाला सारखे हायत का बघ.

---

आरटीओवारी (ठाणे)

यांत्रिक बाजू सगळ्यांनी सांगितली, कागदांकडे दुर्लक्ष नको. तमिळनाडूहून फॉर्म २८ वर एनओसी, हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. इथे महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरून नवा नंबर घ्यावा लागेल. तिकडचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तो आधीच्या मालकाच्या सहकार्याशिवाय मिळवणं जिकिरीचं. सौद्यातच लिहून घ्या.

गाडीत बदल केलेत का ते विचारा. सायलेन्सर, सीट, स्टिअरिंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तपासणीच्या दिवशी मूळ भाग बसवलेलेच हवेत.

विम्याचा मुद्दा फार लोकांना माहीत नसतो. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, पेस मेकिंग आणि वेगाची चाचणी यासाठीचा वापर वगळलेला असतो. आमच्या ओळखीतल्या एकाने ट्रॅकवर गाडी ठोकली, क्लेम नामंजूर झाला आणि सगळा खर्च अंगावर आला. म्हणून जुन्या पॉलिसीतली क्लेमची यादी बघा, आणि यादी कोरी आहे म्हणून अपघात झालाच नाही असं समजू नका. ट्रॅकवरचा अपघात विम्याच्या कागदावर सहसा येत नाही. रंगाचं मीटर इथेच कामाला येतं.

---

घाटवळण

गाडी बघून आलो. इथल्या प्रत्येकाने सांगितलेलं तपासलं, म्हणून सविस्तर लिहितो.

कोइम्बतूरमध्येच एक स्वतंत्र गॅरेजवाला ठरवला होता, मालकाच्या ओळखीचा नसलेला. मालक स्वतः रॅम्पपाशी दिवसभर उभा. रंकाळा_काठ, तुमचं तंतोतंत खरं ठरलं. त्याने पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. प्रत्येक ट्रॅक डेची तारीख, हवेचं तापमान, टायरचं थंड आणि गरम प्रेशर, कुठलं ब्रेक ऑइल, पॅड किती उरले. तमिळ आणि इंग्रजी मिसळून बारीक अक्षरात. एका पानावर लिहिलं होतं, की ऑइलचं तापमान नेहमीपेक्षा वर गेलं म्हणून उरलेली सेशन सोडली आणि गाडी घरी आणली. मी ते पान दोनदा वाचलं. भरलेल्या पैशांवर पाणी सोडून गाडी थंड करणारा माणूस इंजिन मारत नाही, असं मला वाटतं.

टायर कायम रस्त्याचेच वापरलेत, बिलं जुळतात. डीएसजीचं ऑइल ३० हजारला एकदा आणि ५१ हजारला पुन्हा बदललंय. ब्रेक ऑइल दर वर्षी. फिल्टरची घडी उन्हात धरून पाहिली, स्वच्छ होती. लीकडाउनमध्ये चारही सिलिंडर पाच ते आठ टक्क्यांत. सॉफ्टवेअरचा नंबर सर्व्हिसच्या नोंदीशी जुळला. वॉटर पंपाचं घर आधीच बदललेलं आहे.

आता उणी बाजू. पुढच्या दोन्ही डिस्क बाद. डावीकडच्या डिस्कवर एक भेग अगदी काठापर्यंत गेलेली, नख अडकलं. पुढचं डावं बेअरिंग स्प्रिंगला हात लावल्यावर जाणवतंय, कानाला अजून नाही. मालकालाही ते माहीत नव्हतं, तो स्वतः हात लावून बघायला खाली वाकला. उजव्या मडगार्डवर रंगाची जाडी २४० आली. त्याने पार्किंगमधल्या घासाघाशीचा फोटो दाखवला. गॅरेजवाल्याने आतला पत्रा आणि वेल्डिंग बघून मडगार्ड कधी काढलेलंच नाही असं सांगितलं.

डिस्क, पॅड, बेअरिंग आणि चार टायर यांचा अंदाज काढून तेवढी रक्कम कमी करून मागितली. टायरवरून थोडी घासाघीस झाली, पण मानला. मूळ सायलेन्सर त्याने जपून ठेवलाय, तो बसवून देणार. बयाणा देऊन आलोय.

---

शांत_प्रवासी

अभिनंदन. माझं सर्वसाधारण मत बदललेलं नाही. अशी वही शंभरात एखाद्याकडे असेल आणि बाकीचे लोक तुमचा धागा वाचून वहीशिवायची गाडी घेतील याची मला चिंता वाटते. पण ही गाडी तुम्ही नीट बघून घेतलीत. ती वही गाडीसोबत मागून घ्या. पुढे विकताना तिची किंमत होईल.

---

घाटवळण

मागितली आहे. तो मूळ वही द्यायला तयार नाही, प्रत्येक पानाची झेरॉक्स देतो म्हणाला. मला त्यातही समाधान आहे. पुण्यात आल्यावर पहिलं काम ब्रेकचं. ब्रेकवाली, नव्या डिस्क-पॅडसाठी काही विशेष करायचं का?

---

ब्रेकवाली

हो, आणि हे गॅरेजवाले बऱ्याचदा सांगत नाहीत. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्यावे लागतात. पहाटे मोकळा, सरळ रस्ता बघा, मागे कोणी नसेल असा. ऐंशीच्या वेगावरून मध्यम जोराने ब्रेक मारून तीसपर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका, लगेच पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. थोडा जळका वास येईल, येऊ द्या. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेकला शक्य तितका कमी हात लावत गाडी चालवून थंड करा. या काळात पेडल दाबून गाडी उभी करू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी टेकून राहिला की तिथे त्याचा थर बसतो आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात आणि चांगली डिस्क फेकून देतात.

ब्रेक ऑइलही त्याच दिवशी बदलून घ्या, मालकाने नुकतंच बदललं असलं तरी. कॅलिपर सोडलेलाच असेल, मजुरीत फारसा फरक पडणार नाही.